चादरीवरचं शित

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी, डोंबिवली पूर्वेच्या आमच्या घरात, आईच्या चादरीवर पडलेलं भाताचं शित हललं.

खोलीत आई होती, मी होतो आणि आईची मांजर होती. पंखा बंद होता. पावसामुळे खिडकी लावलेली होती. शित वाऱ्याने हललं असण्याची शक्यता नव्हती. ते आधी लांब झालं, मग आखडलं, पुन्हा लांब झालं आणि चादरीच्या निळ्या रेघेवरून पलीकडे सरकलं.

आई म्हणाली, "आता सांग, कोणी सांडलं?"

हा प्रश्न समजायला थोडं मागे जावं लागेल.

आईचं घर ठाण्याला कोपरीत होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे मोरी, मोरीबाहेर पेरूचं झाड. इमारत पुनर्विकासाला गेली. सामान बांधायला सुरुवात केली त्याच आठवड्यात आई मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ती घरातून स्ट्रेचरवर निघाली. ती दवाखान्यात असतानाच आम्ही घर रिकामं केलं. ती उशीला टेकून बसू लागली, तोवर इमारत पाडून झाली होती.

तिच्याबरोबर आमच्याकडे लाकडी पलंग आला, वडील असताना पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी आली आणि मांजर आली. करडी, पट्टेरी, मध्यम वयाची. आई तिला नावाने हाक मारत नसे. "अगं" म्हणे.

आमची इमारत जुनी आहे. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून इमारतीतल्या माणसांनी वर आणलं. वळणावर खुर्ची कलली तेव्हा ती म्हणाली, "हळू रे. गणपती नाही आणत तुम्ही."

खालच्या बाजूने खुर्ची धरलेला एकजण धापा टाकत म्हणाला, "गणपती असता तर दीड दिवसात उतरवला असता, आजी."

सगळे हसले, आईही हसली. त्यानंतर ती खाली उतरलेली नाही.

मांजरही उतरलेली नाही. कोपरीत ती कुंपणावर, पत्र्यावर, मासेवालीच्या पाटीमागे दिवस काढी. इथे ती पडेल म्हणून आम्ही खिडक्यांना नायलॉनची जाळी ठोकली. सुरुवातीचे दिवस ती जाळीला नाक लावून बसे. मग तिने ते सोडलं आणि आईच्या पायाशी मुक्काम केला.

आता जेवणाबद्दल. आमच्या लहानपणी अंथरुणावर जेवायला परवानगी नव्हती. तापात फणफणलेलं मूलही आई उठवून पाटावर बसवी. शिजलेल्या भाताचा हात लागेल ते खरकटं, आणि खरकटं अंथरुणाला लागता कामा नये. ताट उचललं की ती जमीन पुसून घ्यायची. ताटात शित राहिलं तर ते बोटाने टिपायला लावायची. अशा बाईला खुब्याच्या ऑपरेशननंतर पलंगावर बसून जेवावं लागत होतं. पाय लांब केलेले, मांडीवर जुना पेपर, पेपरवर ताट. ती मान खाली घालून, फार न बोलता जेवी.

पहिली शितं आषाढात सापडली. माझी बायको ठाण्याला नोकरी करते. संध्याकाळी पाळणाघरातून मुलीला घेऊन ती घरी येते. त्या दिवशी मुलगी कडेवर असतानाच ती एका हाताने आईची चादर काढत होती.

"आई, भात सांडलेला वाटतं."

"माझ्याकडून नाही सांडला."

"अहो, हे बघा ना. दोन शितं आहेत."

आईने बघितलं. चष्मा लावून पुन्हा बघितलं. "असतील. पण माझ्याकडून नाही."

शितं पायाच्या बाजूला होती. ताट मांडीवर असे. हा तपशील तेव्हा कोणी लक्षात घेतला नाही.

त्यानंतर ती अधूनमधून सापडत राहिली. बायकोने भात मोकळा करून पाहिला. मग आईला चमचा दिला. मग मी शेजारी बसू लागलो. मी बसलेलो असताना काही सांडलं नाही, आणि संध्याकाळी चादरीवर शित होतंच. पावसात कपडे वाळत नव्हते. दोरीवर कायम आईची एक चादर असे आणि तिच्याखाली मुलीची झबली.

माझी मोठी बहीण कल्याणला राहते. तिने फोनवर निष्कर्ष काढला. "वय झालंय रे. सांडलेलं आठवत नसेल. माझ्या सासूबाईंचं असंच सुरू झालेलं."

मग ती आईला फोन करून, सहज विचारल्यासारखं, आज वार कोणता ते विचारू लागली. आई वार सांगे, तिथी सांगे आणि विचारी, "का गं, तुमच्याकडे कॅलेंडर नाही का?"

आषाढाच्या शेवटी बायकोने मुलीचं लाळेरं आईच्या गळ्यात बांधलं. त्यावर पिवळं बदक होतं. यात अपमानाचा हेतू नव्हता. रोज चादर धुणं तिला जमत नव्हतं. ती बांधताना म्हणाली, "फक्त जेवण होईपर्यंत हो, आई." आईने हनुवटी वर केली आणि बांधू दिलं. त्या दिवशी ती जेवली. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "मला भात वाढू नका. पोळीच द्या." लाळेरं मात्र पोळी खातानाही बांधलं जाई, कारण शितं सापडायची थांबली नव्हती.

घरात प्रत्येकाकडे स्पष्टीकरण होतं. बायकोला वाटे, आई आम्ही नसताना स्वयंपाकघरातून कोणाकडून तरी भात मागवते. ते शक्य नव्हतं, दुपारी घरी मीच असतो. मी वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचं काम करतो आणि बरेच दिवस ते घरूनच करतो. मला वाटे, जुनी शितं गोधडीच्या घड्यांत अडकली असतील आणि एकेक करून बाहेर पडत असतील. बहिणीचं स्पष्टीकरण वर दिलं आहे. आई काही स्पष्टीकरण देत नव्हती. "मी सांडलं नाही," एवढंच म्हणे. पुढे तेही म्हणेनाशी झाली.

श्रावणातल्या त्या सोमवारी सकाळी तिने माझ्याकडून चादर बदलून घेतली. गोधडी झटकायला लावली. उशीचा अभ्रा उलटा करून दाखवायला लावला. मी हॉलमध्ये येऊन काम करत बसलो. दुपारी तिने हाक मारली.

"इकडे ये. आज वार कोणता?"

"सोमवार."

"घरात उपास. कुकर लागलाय का?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

चादरीवर, तिच्या पावलांपाशी, एक शित होतं. मी विचारलं, "साबुदाणा असेल?"

"साबुदाण्याने मला जळजळतं, हे तुला जन्मापासून माहीत आहे. दूध आणि केळं खाल्लंय मी. केळ्यातून भात पडतो का?"

मी खाली वाकलो, आणि ते हललं.

त्यानंतर मी मांजरीकडे पाहिलं. ती झोपली होती. शेपटी बाजूला केली तेव्हा खालच्या केसांत आणखी दोन तुकडे दिसले. एक ताजा, पांढरा, चपटा. एक वाळलेला, पिवळट, तिळाएवढा. तशा तिळासारख्या कणांवरूनही मागे एकदा प्रश्न निघाला होता आणि चटणीवर ढकलला गेला होता. मांजर बरेच दिवस मागची बाजू चाटत होती. कधी कधी बसल्या बसल्या लादीवर घसटत पुढे जाई. मुलीला ते बघून फार हसू येई. आम्ही त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता, आणि बहिणीने त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली होती.

मी कुंकवाची एक रिकामी प्लॅस्टिकची डबी धुतली, थेंबभर पाणी घातलं आणि हलणारा तुकडा कागदाच्या टोकाने उचलून तिच्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मांजरीला झाकणाच्या टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी डबी उजेडात धरली.

"काय वाटलेलं तुम्हाला हे?"

"शित."

"सगळ्यांना शितच वाटतं. नाहीतर तीळ." त्यांनी झाकण लावलं. "टेपवर्म आहे. पोटात लांब पट्टीसारखा जंत असतो, त्याचे शेवटचे तुकडे सुटून बाहेर पडतात. ताजा असला की हलतो, वाळला की तीळ. उलटीत शेवयांसारखं काही दिसलं का कधी?"

"नाही."

"तो वेगळा जंत. तरी संडास तपासू या, आज ना उद्या घेऊन या."

मग त्यांनी मांजरीच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवली. फणीला काळी भुकटी आली. ती त्यांनी ओल्या कापसावर झटकली. कापूस भुकटीभोवती तांबडा झाला.

"माती असती तर काळीच राहिली असती. ही पिसवांची घाण आहे. म्हणजे रक्तच. अंग चाटताना मांजर पिसू गिळते, पिसवेच्या पोटात या जंताचं पिल्लू असतं."

मी सांगितलं की मांजर घराबाहेर जात नाही, खिडकीला जाळी आहे.

"झोपते कुठे?"

"आईच्या गादीवर. कापसाची आहे, जुनी. तळमजल्यावरच्या घरातून आणलेली."

"मग पिसवा तुम्हीच वर आणल्यात." त्या हसल्या नाहीत. "नुसती गोळी दिलीत तर महिन्याभरात परत इथे याल. गोळी आणि पिसवांचं औषध, दोन्ही लागणार. लहान मूल आहे घरात?"

"मुलगी. रांगते."

"तुकड्याला हात लागला म्हणून जंत होत नाही. पिसू पोटात गेली तर होऊ शकतो, मुलांमध्ये क्वचित दिसतो. तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. घाबरू नका, पण गादीचं काय ते बघा."

आई विचारणार हे माहीत होतं, म्हणून मी वावडिंगाबद्दल विचारलं. आमच्याकडे बाळाला जंत होऊ नयेत म्हणून पाण्यात वावडिंग उकळून देतात.

"मला पण दिलेलं माझ्या आईने. हिला नको. माणसांची जंताची गोळीही नको. आणि पिसवांचं कुत्र्याचं औषध तर घरात असलं तरी हिच्याजवळ नेऊ नका, मांजरीला विष आहे ते."

त्यांनी मांजरीला टोपलीसकट वजनकाट्यावर ठेवलं, मग रिकामी टोपली ठेवली, आणि वजनाच्या हिशेबाने गोळी दिली. मानेवर केस बाजूला करून कातडीवर औषधाचे थेंब सोडले. तिथे तिची जीभ पोचत नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने आधी विचारलं, "तिला दुखतं का?" डॉक्टरांनी दुखत नाही असं सांगितलं होतं. मग म्हणाली, "म्हणजे मी सांडत नव्हते."

"नाही."

"हे त्या दोघींना सांग. मी सांगणार नाही, तू सांग."

श्रावण असल्यामुळे घरात मासे नव्हते. गोळी सायीत लपवली, मांजरीने साय चाटली आणि गोळी बशीत ठेवली. शेवटी आईने तिला आपल्या मऊ झालेल्या जुन्या साडीत बाळंत्यातल्या मुलासारखं गुंडाळलं, फक्त डोकं बाहेर. मी जबडा उघडून गोळी जिभेच्या मागे टाकली. आईने तोंड मिटून धरलं आणि गळ्यावरून बोट खाली खाली फिरवत राहिली. "गीळ, बाई. गीळ. यातूनच सुटका आहे."

मांजरीने गिळलं.

संध्याकाळी बहीण कल्याणहून आली. बायको आली. दोघींना मी पलंगाशेजारी उभं राहून डॉक्टरांनी सांगितलेलं क्रमाने सांगितलं. बहीण आधी माझ्याकडे वळली. "शितावरून भाताची परीक्षा ऐकलेली. तुम्ही शितावरून आईची घेतलीत की रे!"

"आणि वार कोण विचारत होतं?" आई म्हणाली.

बायकोने खिळ्यावरचं लाळेरं काढलं, धुवायच्या कपड्यांत टाकलं आणि आईजवळ येऊन बसली. "सॉरी हो, आई. मला खरंच शितंच वाटलेली."

"असू दे. डोळ्यांना दिसतं ते माणूस बोलतं."

मग बायको म्हणाली, "पण आई, आता ही इथे नको."

आईने मांजरीच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"मी रागाने नाही म्हणत. परवा पोरगी या पलंगाखाली आलेली. तोंडात काहीतरी होतं तिच्या, मी बोट घालून काढलं. शित म्हणून टाकून दिलं मी ते. काय होतं ते मला आता नाही माहीत."

बहीण म्हणाली, "विठ्ठलवाडीला यांच्या ओळखीतल्या एकाचं गोडाऊन आहे. उंदीर झालेत म्हणून मांजर शोधतायत ते. मोकळी जागा आहे, अंगण आहे. मजेत राहील गं, आई. तळमजला मिळेल तिला."

"मिळू दे," आई म्हणाली. "कोणाला तरी मिळू दे."

मग तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

"पण जंत कसले घेऊन बसलाय तुम्ही? शितं होती ती. माझ्याच हातून सांडत होती."

बहीण हसली. "आई, डॉक्टरने बघितलंय."

"डॉक्टर माझ्या पंगतीला बसली होती का?"

"अगं, काल तूच याला बोलावून दाखवलंस ना!"

"काल उपास होता. उपासाने डोकं फिरतं. म्हातारी झाले मी, विसरते. तूच म्हणत होतीस ना, विसरते म्हणून? विसरले." मग ती बायकोकडे वळली. "ते लाळेरं धुवायला टाकू नकोस. मला लागेल."

बहिणीचं हसणं थांबलं. बायको उठून उभी राहिली. मुलगी हॉलमध्ये रडायला लागली होती, पण ती लगेच गेली नाही. ती म्हणाली, "डॉक्टर परत कधी बोलावतायत हिला?"

मी सांगितलं, गणपती झाल्यावर.

"तोपर्यंत राहू दे. पण या खोलीत. दार बंद. पोरगी आत येणार नाही, ही बाहेर येणार नाही. आणि त्यानंतर एक जरी दिसलं, एक जरी, तरी विठ्ठलवाडी."

आई म्हणाली, "बरं."

गादीचा निर्णय आईनेच घेतला. पावसात कापूस उन्हात घालता येत नव्हता, आणि गादी धुता येत नाही. दोन माणसं आली, गादी गुंडाळून दोरीने बांधली आणि जिन्याने खाली नेली. वळणावर ती अडकली तेव्हा त्यांचे आवाज वर ऐकू येत होते. आई खुर्चीत बसून ऐकत होती. तिच्या जागी फोमची गादी आली. चादरी, गोधडी, उशा, मांजरीला गुंडाळलेली साडी, सगळं उकळत्या पाण्यातून काढलं. पलंगाच्या फटी, लादीचे सांधे, कपाटाखालचा कोपरा मी झाडून, पुसून घेतला. मांजरीचा संडास तपासायला दिला. दुसऱ्या कुठल्या जंताची अंडी निघाली नाहीत.

त्याच आठवड्यात आईने पुन्हा भात मागितला. लाळेरंही बांधून घेतलं. आणि चादरीवर शितं दिसू लागली. एक नाही, चार-पाच. पायाशी नाही, मांडीच्या दोन्ही बाजूंना, हात पोचेल तिथे.

मी ती उचलून लॅपटॉपच्या काळ्या झाकणावर ठेवली. संध्याकाळपर्यंत ती कडक झाली, काचेसारखी, पण आकार जवळपास तोच राहिला. जंताचा तुकडा वाळला की आक्रसतो आणि पिवळा पडतो. ही सगळी भाताची होती. दुसऱ्या दिवशीचीही भाताचीच होती.

बायकोने ती पाहिली होती. तिने मला काही विचारलं नाही.

मी आईजवळ जाऊन बसलो. "हा भात आहे."

"मी तेच सांगतेय सगळ्यांना."

"आधीचा नव्हता."

"आधीचा कुठाय?"

"आई, तू असा भात टाकत राहिलीस, तर खरं एखादं आलं तरी ते त्यात लपेल."

"लपू दे."

"आणि आलं नाही, तरी ते कळणार नाही. ती बरी झाली हे कशावरून सांगायचं? चादर कोरी राहिली तरच सांगता येईल."

ती बराच वेळ मांजरीच्या कानामागे खाजवत राहिली. मग विचारलं, "आणि कोऱ्या चादरीवर एखादं आलंच तर?"

एखादं आलं तर पुन्हा गोळी, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. एखादं आलं तर विठ्ठलवाडी, असं बायको म्हणाली होती. मी आईला दोन्ही सांगितलं.

"तुझा पुरावा तिला घालवायला बरा उपयोगी पडला," आई म्हणाली. "ठेवायला पडतो का ते बघू. भात बंद कर माझा."

त्या दिवसापासून त्या खोलीत भात गेला नाही. बायको रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मुलीला माझ्याकडे देई, आत जाई, दार लावून घेई आणि मोबाइलच्या उजेडात चादर बघे. आई पाय आखडून तिला जागा करून देई. बायको बाहेर येऊन नाही अशी मान हलवी आणि हात धुई. मुलगी बंद दारावर थापा मारी. आतून मांजर ओरडे. आई दोघींनाही एकच वाक्य ऐकवी: "नाही गं, नाही."

गणपती आले. इमारतीत खाली आरती होई, ती आईला खिडकीतून ऐकू येई. आमच्याकडे वरणभाताचा नैवेद्य झाला. आईने तिच्या ताटातली भाताची मूद काढायला लावली. बायको म्हणाली, "आई, आज तरी घ्या. प्रसाद आहे."

"तो समजून घेईल. तू घेणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आत गेली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बाहेर आली नाही. मी दार उघडलं. ती चादरीवर वाकली होती. पायाच्या बाजूला एक पांढरा कण होता. आईचे दोन्ही हात मांजरीवर होते. बायकोने कण तळहातावर घेतला, उजेड त्यावर धरला आणि थांबली. तो हलला नाही. तिने तो बोटाने चिरडला आणि नाकाजवळ नेला.

"खोबरं आहे," ती म्हणाली. "मोदकातलं."

आईने मांजरीवरचे हात सैल केले.

गणपतीनंतर मी मांजरीला टोपलीतून पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. फणीला काही आलं नाही. ओला कापूस पांढरा राहिला. शेपटीखालचे केस स्वच्छ होते. संडासाच्या तपासणीत अंडी आढळली नाहीत. डॉक्टरांनी मानेवर पुन्हा थेंब सोडले आणि ते दर महिन्याला सोडायला सांगितलं. नुसत्या तपासणीत टेपवर्म प्रत्येक वेळी सापडतोच असं नाही, चादर बघत राहा, असंही त्या म्हणाल्या. मी दवाखान्यातूनच बायकोला फोन केला.

"लेखी दिलंय का?"

"दिलंय."

"ठीक आहे," ती म्हणाली. पलीकडे तिच्या ऑफिसातले आवाज येत होते. "राहू दे मग. दार मात्र बंदच ठेवू. पोरगी रांगायची थांबेपर्यंत."

आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. तिने मांजरीला उचलून तिचं पोट चाचपलं आणि खाली ठेवलं.

मुलगी आता चालते. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंच्या मते आई वॉकर घेऊन हॉलपर्यंत येऊ शकते. त्यांनी दोनदा तिला उंबऱ्यापर्यंत आणलं. दार उघडलं की मांजर बाहेर येते, म्हणून आई तिथूनच वळली. बायकोने नंतर एकदा म्हटलं, "आई, उघडं राहू द्या आता दार, काही नाही होत." आई म्हणाली, "नको. ठरलंय ते ठरलंय. उद्या एखादं दिसलं तर?"

महिन्याचे थेंब कालच सोडले. आज सकाळी चादर बघितली, काही आढळलं नाही. आई आणि मांजर आतल्या खोलीत आहेत. दार बंद आहे, आणि कडी आतून लावलेली आहे.